सायखेड्याचा फोन

"जोरात बोल, मावशी! लाओसहून बोलतोय!"

पोस्टातल्या लाकडी केबिनमध्ये शेखर घसा फोडून ओरडत होता. सायखेड्यात फोन होता तो शेजारच्या कुसामावशीकडे. तिकडून आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग, "आरं शेखर, तुझी आई गेली रं..." आणि लाईन तुटली.

त्याने पुन्हा लावून पाहिला. लागेना. आणि लागला असता तरी विचारणार काय, डोंबल?

आता हा लाओस कुठं आला, हे सायखेड्यात कुणाला ठाऊक नव्हतं. नाशकातली कंपनी बंद पडली, तसा शेखर पाठीला सॅक लावून एक स्वस्तातला देश बघायला निघाला. सटाण्याला कांद्याच्या आडतीवर कामाला असलेल्या दादांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, "हिंड जा भिकाऱ्यासारखा!" म्हणून तोंड फिरवलं होतं. निरोप दिला तो एकट्या आईने. तेव्हापासून त्याच्याशी मराठीत बोलणारं कुणी भेटलंच नव्हतं. आणि आज भेटलं, तर हे.

नदीकाठच्या न्हाव्याने त्याचं डोकं भादरलं. पोरगा भिक्खू होणार असं वाटून बिचाऱ्याने वर हातही जोडले. शेखरने त्या परक्या पाण्यात एकट्याने बुडी मारली, चिकट भाताचा पिंड सोडला आणि पोटभर रडला. जवळ घ्यायला चिटपाखरू नव्हतं. आता घरात आम्ही दोघंच, त्याच्या मनात आलं. दादांशी बोलायलाच हवं.

मिळेल त्या बसने तो परत निघाला. बँकॉकच्या विमानतळावर, नाशिक रोडच्या फलाटावर, सायखेड्याच्या एसटीत तो एकच वाक्य घोकत होता: दादा, चुकलो, पदरात घ्या.

घराच्या ओट्यावर आई बसली होती. भिंतीला टेकून, नुसतीच.

शेखरच्या हातून सॅक पडली. "आई! अगं, तू आहेस!" धावत जाऊन त्याने तिच्या मांडीत तोंड खुपसलं. हसावं की रडावं त्याला कळेना. आईही रडत होती, त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत होती.

"केस काढले. बरं केलं, बाळा."

"वेड लागायचं बाकी होतं गं! मावशी म्हणाली, आई गेली. मला वाटलं, तू..."

"गेलेच व्हते. सटाण्याला. निरोप आला तशी निघाले."

"धन्य आहे मावशीची! तिच्या एका शब्दापायी डोकं भादरून बसलो!" तो खदखदून हसला, डोळे पुसत उठला. "बरं, दादा कुठायत? मला बोलायचंय त्यांच्याशी."

आईने त्याचा हात धरून त्याला पुन्हा खाली बसवलं.

"म्हंजी... दादांचं तुला कोणी कळवलंच नाय?"