पहिल्या रांगेतलं हसू

रविवारी दुपारी रेडिओवर तो विनोदी कार्यक्रम पुन्हा लागणार होता. मार्चमध्ये लीड्सच्या नाट्यगृहात तो प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा आर्नल्ड आणि हिल्डा पहिल्या रांगेत, माइकच्या पुढ्यातच बसले होते. ऑगस्टमध्ये हिल्डा वारली. तिचा आवाज तेवढ्या एका कार्यक्रमात उरला होता. "बाबा, जेवायला चला. फुगलेलं पुडिंग गार होऊन खाली बसलं," मुलगी म्हणाली. "गप गं! आता पाद्रीबुवा सायकलसकट तळ्यात पडतील. तिथं तुझी आई सगळ्यांच्या आधी खिदळली होती." रेडिओत सायकलची घंटी वाजली, पाणी उडालं. आर्नल्डनं रेडिओला कान लावला. लगेच कुणीतरी हसलं, पण ते गडगडाटी, पुरुषी हसणं होतं. त्याखाली दुसरं काहीच ऐकू येईना. "अय्या, बाबा, हे तर तुम्हीच!" मुलीला हसू फुटलं. कान तसाच ठेवून आर्नल्ड पुटपुटला, "एवढं मोठ्यानं हसायची मला काय गरज होती?"