होडी मागे घेताना

"कोणाचा विश्वास बसणार नाही," मी शेकोटीपाशी सुरुवात केली, "पण पिकअपमागे चाकांवरचं घर, घरामागे होडी, अशी ही वरात आज मी एकट्यानं उलटी चालवली!"

"हाण!" डेल खिदळला. "क्लाइड, दोन सांध्यांची गाडी मागे घेता येत नाही, हे मिसुरी नदीकाठचं शेंबडं पोरही सांगेल."

"ऐक तर. चुकून तळ्याच्या बंद रस्त्यात शिरलो. वळायला जागा नाही, दोन्हीकडे खोल उतार. होडी घसरली तर घराला घेऊन जाणार, आणि माझी बायको आर्डिस वारल्यापासून मला दुसरं घर नाही. आरशात होडी दिसत नाही. आर्डिस असताना ती आपला निळा कोट घालून मागे उभी राहायची, थांबवायचं असलं की पत्र्यावर दोनदा हात मारायची.

मी जरासा मागे सरकलो. पत्रा वाजला. दोनदा.

उतरून पाहिलं. होडीचं चाक अगदी कडेला आलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

सरळ करून पुन्हा सरकलो. पुन्हा दोनदा. पुन्हा उतरलो, पुन्हा रस्ता रिकामा. असं करत करत हमरस्त्याला लागलो."

व्हर्ना ताडकन उठली. ती आजच मुक्कामाला आलेली; आर्डिसला तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

"साफ खोटं! एकट्यानं म्हणे! हमरस्त्यावर मी थांबून बघत होते. निळ्या कोटातल्या त्या बाईनं पत्र्यावर हात मारून मारून तुला बाहेर काढलं. मग बिचारी एकटीच तळ्याकडे चालत गेली, आणि तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस!"