आतून उघडलेला दरवाजा

शुक्रवारी संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये, सुनेत्राच्या अपार्टमेंटमध्ये जपानी किल्ल्याच्या वेढ्याचा बोर्ड गेम चांगलाच रंगला होता. किल्ल्यात सुनेत्रा आणि तिच्या ऑफिसातली जिवलग मैत्रीण प्रीता. बाहेर वेढा घालून बसलेले दोघींचे नवरे. किल्ल्यातला तांदूळ संपत आला होता.

"सुनेत्राची आज संकष्टी आहे. उपासमारीची भीती तिला कसली घालता?" प्रीता म्हणाली, तसे सगळे हसले.

प्रीताचा नवरा नकुल तिला फितवायला बघत होता. "आमच्याकडे ये ना यार. जपानी सरदार ऐन लढाईत पक्ष बदलायचे. दोन प्रांत देतो तुला."

"अख्खा जपान दिलास तरी नाही. मी सुनेत्राला दगा देणार नाही."

सुनेत्राची कानशिलं तापली. तिने हात पुढे केला आणि किल्ल्याचा दरवाजा स्वतःच उघडून टाकला.

"अगं, हे काय केलंस? मी शेवटपर्यंत लढणार होते ना तुझ्यासाठी."

"इथे लढायला तुझं काय जातंय?" सुनेत्राचा आवाज चढला नाही. "मॅनेजरने मीटिंगमध्ये माझ्या कमरेला हात लावला, तेव्हा तू शेजारच्याच खुर्चीत होतीस. माझ्याकडे बघितलंसही. काल एचआरने विचारलं, तर तुला काहीच आठवत नव्हतं. मघाशी त्यांचा फोन आला, प्रीता. माझी तक्रार खोटी ठरवून बंद केली त्यांनी."