अभ्यासक्रमाबाहेर

“पाहा, शिक्षक एक शब्द बोलत नाही,” वाशीमहून आलेले साहेब मागच्या बाकावरून प्राचार्यांच्या कानात म्हणाले, “आणि तरी वर्ग चालू आहे. यालाच फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात.”

प्राचार्यांनी मान डोलावली. अनसिंगच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीची मुलं रसायनशास्त्राचा धडा घरीच मोबाईलवर ऐकून येत आणि वर्गात नुसती गणितं सोडवत. शेषराव सर बाकांमधून फिरत. कुणाचं चुकलं की तिथं खडूनं टकटक करत. मग पोरं आपसात भांडून उत्तर काढत.

“सर समजावून सांगत नाहीत का?” साहेबांनी पुढच्या बाकावर गणित सोडवणाऱ्या रूपाला विचारलं.

“सांगतेत ना जी. घरी.”

साहेब खूश झाले. ऑक्टोबरच्या उकाड्यात सरांच्या गळ्याभोवती मफलर काहून, हे त्यांनी विचारलं नाही. प्राचार्यांनीही सांगितलं नाही. मफलरखाली भोक होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला डॉक्टरांनी कॅन्सरसोबत सरांचं स्वरयंत्रही काढून टाकलं होतं. नवी अध्यापनपद्धती अनसिंगात आली ती अशी.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा सरांनी पुढच्या खोलीत मोबाईल उभा केला आणि बारावीचं अख्खं पुस्तक बोलायला घेतलं. आवाज आधीच चिरकत होता. उरला तेवढा पोरांना पुरवायचा होता. त्यांच्या बायकोनं, रत्नमालानं, मिक्सर बंद ठेवला, बकरी शेजाऱ्याकडे बांधली, आलेल्या पाहुण्यांना अंगणातच चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी सरांचा घसा असा बसायचा की जेवताना ते खुणेनंच भाजी मागायचे.

एकदाच ती म्हणाली, “माह्यासंगं बी बोला ना जी थोडं.”

“पहिले पुस्तक होऊ दे,” सर म्हणाले. “मंग बोलू.”

पुस्तक संपलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

तर साहेबांनी सरांना शाल पांघरली, टाळ्या झाल्या. सर शाल काखेत मारून घरी आले. आत स्वयंपाकघरातून त्यांचाच आवाज येत होता. विद्युत रसायनशास्त्र. दहावीत शाळा सुटलेली बायको इलेक्ट्रोड ऐकत होती. सरांना बरं वाटलं. चला, पटावर आणखी एक विद्यार्थी. ते दारातच थांबले.

रत्नमाला भाकरी थापत होती. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला.

“धन आयन ऋणाग्राकडे जातात, आणि तिथे ते...” मोबाईलमधले सर अडखळले. मग पुस्तकी भाषा सोडून मागे वळून ओरडले, “रत्ने, दार लाव, आवाज येऊन राह्यला.”

तिनं पिठाच्या बोटानं व्हिडिओ मागे ओढला. पुन्हा आयन निघाले, पुन्हा सर अडखळले. सर दारात उभ्या उभ्या एकेक धडा आठवत गेले. अख्ख्या पुस्तकात तिच्याशी बोललेलं एवढंच होतं.

“रत्ने, दार लाव, आवाज येऊन राह्यला.”

“लावते जी,” ती मोबाईलला म्हणाली, आणि पुन्हा मागे ओढला.