सरावाची बाहुली

होणाऱ्या बाबांच्या वर्गाला वेल्डरने एकही दिवस दांडी मारली नाही. डावा कान जन्मापासूनच बहिरा, म्हणून तो पहिल्या रांगेत बसायचा आणि नर्सबाईंचा शब्द न् शब्द वहीत उतरवायचा. शेवटच्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला सरावासाठी रडणारी बाहुली घरी न्यायला दिली. "मान सावरून उराशी धरा, गप्प होते. काही झालं तरी हात उगारायचा नाही."

घरी बाहुलीने जे भोकाड पसरलं, ते काही केल्या थांबेना. वेल्डर घामाघूम झाला आणि आठवा महिना लागलेली बायको पोट धरून हसत सुटली.

तेवढ्यात टीव्हीसमोरून त्याचे वडील तणतणत उठले. "पोर सांभाळायला वह्या कसल्या भरतोस?" म्हणत त्यांनी बाहुली हिसकावली आणि तिच्या कानाखाली अशी सणसणीत ठेवून दिली, की मुंडकं निखळून कपाटाखाली गेलं. रडणं थांबलं.

"बघ, एका फटक्यात गार! तूही असाच गप्प व्हायचास."

बायकोचं हसू जागीच थिजलं.

 

"बाबा," डाव्या कानावर हात ठेवत वेल्डरने विचारलं, "हा नक्की जन्मापासूनच बहिरा आहे ना?"