मागून हाक आली तर

“चूक! साफ चूक!” मागच्या बाकावरचा मुलगा उभाच राहिला. वर्गात त्याला सगळे वकील म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. “शाळेत मास्तरांनी नवं नाव दिलं म्हणून गोष्टीतली ती पोरगी लगेच दुसरीच कुणी झाली? काहीतरीच!”

“अरे, पण घरी आजी जुन्या नावाने हाक मारते तेव्हा ती ओ देत नाही. वाच ना नीट!” पहिल्या बाकावरची चष्मेवाली उसळली.

बाई फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या होत्या. लिहायला कुणी सवड देईल तर ना! भिंतीलगतच्या खुर्च्यांवर निवड समितीचे तिघे बसले होते. बाई कायम होणार की पुढच्या वर्षीही तासावर, घेतल्या तासाच्या पैशांवर, राबणार, ते आजच्या तासावर ठरायचं होतं. विषय होता आफ्रिकेच्या आणि अमेरिकेच्या साहित्यातला ‘मी कोण’ हा प्रश्न. समितीला व्याख्यान ऐकायचं होतं. बाईंनी पोरांना दोन छोट्या गोष्टी वाचायला दिल्या, एकच प्रश्न टाकला आणि वर्ग पेटला.

“या बाई काही शिकवणार आहेत की नाही?” समितीतले टक्कलवाले गृहस्थ अध्यक्षबाईंच्या कानाशी लागून म्हणाले. कुजबुज अशी की शेवटच्या बाकालाही ऐकू यावी.

बाईंना व्याख्यान तोंडपाठ होतं, सुरू केलं की झालं. पण पोरं अशी रंगात आली असताना त्यांची तोंडं बंद करायची? छे, ते काही त्यांच्याने होईना.

“आता अमेरिकेतल्या गोष्टीचं बोला,” त्या म्हणाल्या. “आजोबा ज्या मळ्यावर गुलाम होते, त्या मळेवाल्याचंच आडनाव नातवाला लागलंय. तो ते टाकून देतो. पण त्याच्या जागी काय लावायचं ते त्याला सुचत नाही. मग याचं खरं नाव कोणतं? आणि आफ्रिकेतल्या त्या मुलीचं कोणतं?”

“आपण ठेवू ते!”

“घरी म्हणतात ते!”

“कागदावरचं. बाकी सगळी हौस!”

“थांबा रे!” वकिलाने हात वर केला. “सोपं आहे. रस्त्यात मागून हाक आली तर ज्या नावाला आपण विचार न करता वळतो, ते आपलं नाव. मग कुणी का ठेवलेलं असेना!”

बाईंना टाळी द्यावीशी वाटली. हे फळ्यावर यायलाच हवं म्हणून त्या पाठमोऱ्या झाल्या, खडू टेकवला, तेवढ्यात दार उघडून हेडक्लार्कने डोकं आत घातलं.

“ओ तासावरच्या बाई!”

बाई झटक्यात वळल्या. “काय हो?”

“सकाळची सही राहिलीय तुमची. जाताना करून जा.” डोकं दाराबाहेर गेलं. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. अख्खं कॉलेज त्यांना तेच म्हणायचं.

पण वर्गात सगळ्यांच्या नजरा बाईंवर. वकिलाने तर जीभच चावली. बाईंना कळायला दोन क्षण लागले, आणि कळलं तेव्हा कान तापले. समितीसमोर! आजच!

मग त्यांना एकदम हसू फुटलं.

“बघितलंत?” त्या फळा सोडून थेट बाकांमध्ये आल्या. “वळले की नाही मी? हे नाव मला कुणी ठेवलं, मलाही आठवत नाही. रोज हाक आली, रोज मी ओ दिली. त्या मुलीचंही तेच झालं. मास्तरांनी एकदाच नाव दिलं. पण ओ ती रोज देत गेली!”

“मग तिने करायचं काय?” चष्मेवालीने विचारलं.

“गोष्टीत ते नाही. तुम्ही सांगा.”

“ओ द्यायची नाही,” चष्मेवाली म्हणाली. “एकदा तरी.”

घंटा झाली, तरी कुणी दप्तर आवरेना. समिती उठून शेजारच्या खोलीत गेली, तेव्हा मागे नुसता कल्ला चालला होता.

बाई बाहेर व्हरांड्यात येऊन चालू लागल्या. एका जागी उभं राहवत नव्हतं. तास कसा झाला होता! नोकरी मिळो न मिळो, असा तास पुन्हा होणार नाही, असं त्यांना वाटत होतं. आणि नोकरी मिळावी असंही फार फार वाटत होतं.

“ओ तासावरच्या बाई! आत बोलावलंय!”

पाय थबकले. मान वळायला लागलीच होती. बाईंनी ती जागच्या जागी आवरली आणि पुढचं पाऊल टाकलं.

“ओ तासावरच्या बाई! अहो, समिती थांबलीय!”

आणखी एक पाऊल. आता खिडक्यांत पोरांची डोकी दिसू लागली होती.

खोलीतून अध्यक्षबाई बाहेर आल्या. “काय झालं?”

“ऐकूच येत नाही हो त्यांना,” हेडक्लार्क वैतागला.

“मग नावाने हाक मारा.”

“नाव म्हणजे...” हेडक्लार्कने डोकं खाजवलं. “नाव आहे ना त्यांचं. काय बरं ते...”

अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. आणि व्हरांडा दुमदुमेल अशा आवाजात त्यांनी बाईंना नाव घेऊन हाक मारली. आडनावासकट.

बाई थांबल्या. कुणाला बोलावताहेत म्हणून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“अहो बाई, तुम्हालाच!” खिडक्यांतून सगळा वर्ग एकदम ओरडला.