रोझाचं अंगडं

ओशाकाती गावात बाळाला एखाद्याचं नाव दिलं की त्या माणसाला निरोप जातो: पहिलं अंगडं घेऊन या. रोझाबाईंना जुन्या विद्यार्थिनींकडून असे निरोप सारखे यायचे. त्या हसून म्हणायच्या, "एवढ्या रोझांची अंगडी शिवत बसले, तर शाळेत कोण शिकवणार?"

परवा त्यांनी पाचवीला गृहपाठ दिला होता. इतिहासातलं आपल्याच नावाचं थोर माणूस शोधा आणि त्याच्याबद्दल लिहा. मार्टिननं धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरवर पानभर लिहून आणलं. नव्यानं आलेल्या रोझाच्या वहीत मात्र पेन्सिलनं लिहून खोडलेल्या दोनच ओळी होत्या.

"अगं, बसमधली जागा न सोडणारी अमेरिकेतली रोझा होती, बर्लिनमध्ये गोळी झेललेली रोझा होती! तुला एकही सापडू नये? आळशी कुठली!"

वर्ग खिदळला. पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"सापडली होती, बाई. पण आई म्हणाली, खोडून टाक. वाचून त्यांना ओशाळल्यासारखं होईल."

"कुणाला?"

बाईंनी वही खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. खोडलं तरी पेन्सिलचे वळ कागदावर उमटलेलेच होते.

"माझं नाव आमच्या बाईंचं आहे. त्या येतील म्हणून आईनं तीन दिवस मला दुसऱ्या कुणाचं अंगडं घातलं नाही."